बोजोले: हलक्या, ताज्या लाल वाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी वाइनचे ओळखवर्ग घेते. वर्गात आणि नंतर फोनवर येणाऱ्या संदेशांत बोजोलेबद्दलचे काही प्रश्न हटकून येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बोजोले हे द्राक्षाचं नाव आहे, गावाचं की कंपनीचं?

प्रदेशाचं. फ्रान्समध्ये लिओं शहराच्या उत्तरेपासून माकोंपर्यंत साधारण ५५ किलोमीटर लांबीची टेकड्यांची एक पट्टी आहे, तिचं नाव बोजोले. वाइनच्या नकाशात ती बहुतेकदा शेजारच्या बरगंडी प्रदेशाला जोडून दाखवतात, पण हवा, माती आणि द्राक्ष तिन्ही बाबतींत ती वेगळी आहे.

इथली लाल वाइन गामे या एकाच द्राक्षाची. त्याच्या पूर्ण फ्रेंच नावाचा अर्थ 'पांढऱ्या रसाचा काळा गामे' असा आहे, आणि ते नाव अगदी नेमकं आहे. मणी बाहेरून काळा-जांभळा दिसतो, पण बोटांत पिळला तर रस फिका निघतो. वाइनचा सगळा रंग सालीतून येतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतील. शार्दोने या पांढऱ्या द्राक्षापासून केलेली पांढरी बोजोले आणि गामेची रोझे म्हणजे गुलाबी वाइनही मिळते, पण कमी.

२. बोजोले आणि बोजोले नूव्हो एकच ना?

नाही. नूव्हो म्हणजे नवी. त्याच वर्षीच्या तोडणीची, नोव्हेंबरात बाजारात येणारी, काही महिन्यांत पिऊन संपवायची वाइन. सगळी नूव्हो ही बोजोले असते, पण सगळी बोजोले नूव्हो नसते. याच प्रदेशात वर्षभर मुरवून विकली जाणारी आणि दहा वर्षं टिकणारी वाइनही होते (प्रश्न १० आणि १३).

मला याची मनापासून खंत वाटते, की आपल्याकडे बहुतेकांनी फक्त नूव्होचं नाव ऐकलेलं असतं. तीही बरेचदा शिळी झाल्यावर प्यायलेली असते, आणि त्या एका घोटावर अख्ख्या प्रदेशाबद्दलचं मत ठरलेलं असतं.

३. लाल वाइन असून इतकी हलकी कशी? पाणी घालतात का?

पाणी घालत नाहीत. हलकेपणा दोन ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे द्राक्ष. गामेची साल पातळ असते आणि तिच्यात टॅनिन कमी असतं. टॅनिन म्हणजे कच्च्या सुपारीने किंवा कोऱ्या कडक चहाने जीभ आवळल्यासारखी होते ना, तो तुरटपणा. कॅबर्ने किंवा शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षांमध्ये तो भरपूर असतो. गामेमध्ये त्या मानाने आम्लता जास्त आणि तुरटपणा कमी, म्हणून घोट रसाळ लागतो.

दुसरं ठिकाण म्हणजे वाइन करण्याची पद्धत. नेहमीच्या लाल वाइनसाठी द्राक्षं देठातून सोडवून फोडतात आणि साल, बिया, रस एकत्र आंबवत ढवळत राहतात. बोजोलेत घड न फोडता टाकीत जातात. मणी अखंड राहिला की बिया गराच्या आत शाबूत राहतात आणि सालीतला तुरटपणा ओढून घ्यायला बाहेर रसही कमी असतो. नेमकं काय घडतं ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये आहे.

अल्कोहोलही साधारण १२ ते १३ टक्के असतं. पण हलकेपणा मुख्यतः तोंडाला जाणवतो तो तुरटपणा कमी असल्यामुळे. ही वाइन 'कमी ताकदीची' म्हणून हलकी नाही, तशी घडवली आहे म्हणून हलकी आहे.

४. 'कार्बोनिक मॅसरेशन' म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

आपण सगळे शिकलो ते असं: यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. ते खरंच आहे. पण द्राक्षाचा मणी यीस्टशिवायही थोडं अल्कोहोल तयार करू शकतो, स्वतःच्या आत. मात्र त्यासाठी त्याला प्राणवायू मिळता कामा नये.

अखंड घड बंद टाकीत ठेवून आत कार्बन डायऑक्साइड भरला, की मण्याचा श्वास कोंडतो. तोडलेलं फळ अजून जिवंत असतं, त्याच्या पेशी काम करत असतात. प्राणवायू नसल्यावर त्या दुसरा मार्ग धरतात: मण्यातलीच एन्झाइम्स साखरेचं अल्कोहोल करू लागतात. यीस्ट सालीच्या बाहेर आहे, आत येऊच शकत नाही, तरी आत फर्मेंटेशन म्हणजे आंबण्याची क्रिया चालू होते. मण्यात साधारण २ टक्के अल्कोहोल साठलं की पेशी मरतात, साल सैल पडते आणि मणी हलक्या दाबानेही फुटतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आंब्याची अढी आठवा. पेंढ्यात घातलेला आंबा कोणी कापत नाही, पिळत नाही, तरी सालीच्या आत तो दिवसागणिक बदलतो. रसायन वेगळं आहे, अढीत आंबा पिकतो आणि टाकीत द्राक्ष गुदमरतं. पण फळ आपल्या सालीच्या आतच वेगळं होऊन बाहेर येतं, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

या काळात आणखी तीन गोष्टी होतात. सालीचा रंग आतल्या गरात उतरतो, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी मणी कापला तर फिका गर गुलाबी-लाल झालेला दिसतो. कच्च्या सफरचंदासारखं झोंबणारं मॅलिक आम्ल बरंच कमी होतं, कधी निम्म्यावर येतं, त्यामुळे वाइन मऊ लागते. आणि फळांचे काही खास वास तयार होतात (प्रश्न ७).

याला किती दिवस लागतात ते उष्णतेवर अवलंबून असतं. टाकी ३० ते ३५ अंशांवर असेल तर आठवडाभरात काम होतं, थंड असेल तर दोन आठवडे किंवा जास्तही. मग घड दाबयंत्रात पिळतात आणि उरलेली साखर यीस्ट संपवतं, नेहमीसारखं.

फ्रान्समध्ये मिशेल फ्लांझी यांनी १९३४ साली यावर प्रयोग सुरू केले. द्राक्षं ताजी टिकवण्यासाठी ती कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली होती. टिकण्याऐवजी मणी फसफसले, आणि त्यातून ही वाट सापडली.

५. म्हणजे बोजोलेत टाकीत गॅस भरतात?

पारंपरिक पद्धतीत नाही. तिथे गॅस द्राक्षंच तयार करतात. म्हणून तिला अर्ध-कार्बोनिक म्हणतात, आणि फ्लांझींच्या प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून बोजोलेत असंच चालत आलं आहे.

टाकीत घड वरून ओतले की सगळ्यात खालचे वरच्यांच्या वजनाने चिरडतात. त्यांचा रस तळाशी साचतो आणि त्यात यीस्टने फर्मेंटेशन सुरू होतं. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो आणि वरच्या अखंड मण्यांना वेढतो. म्हणजे एकाच टाकीत तीन थर: तळाशी रस, मध्ये रसात बुडालेले अखंड मणी, वर नुसत्या गॅसमध्ये बसलेले घड. तिन्ही थरांत वेगवेगळं काम एकाच वेळी चालू असतं. नूव्होसाठी हे चार-पाच दिवस चालतं, मुरवायच्या वाइनसाठी दहा दिवस ते तीन आठवडे. काही ठिकाणी घड वर तरंगू नयेत म्हणून रसात एक जाळी बसवून ते दाबून ठेवतात, मग रंग आणि तुरटपणा जास्त उतरतो.

मी एका हंगामात तिथे तोडणीला गेले होते. सहाव्या दिवशी तळघरातल्या माणसाने टाकीच्या तोंडाशी हात घालून एक घड काढला आणि माझ्यासमोर धरला. बाहेरून तो तोडला त्या दिवशीसारखाच दिसत होता, फक्त तेज थोडं उतरलं होतं आणि स्पर्श कोमट होता. मी एक मणी तोंडात टाकला. साल दाताखाली येताच सुटली. आतला गर जिभेवर चुरचुरला, जसं सोड्याचं पाणी चुरचुरतं, आणि त्यामागून पिकल्या केळ्याचा, चेरीचा आणि कुठेतरी दूर दारूचा वास आला. गोडी अजून भरपूर होती. त्या एका मण्यात अर्धी वाइन तयार होती.

दुसऱ्या दिवशी तीच टाकी पिळली. दाबयंत्राखालून जो गढूळ, कोमट, गुलाबी-जांभळा, गोड रस निघतो त्याला तिथले लोक 'पारादी' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. एरवी लाल वाइनमध्ये पिळून काढलेला भाग जास्त तुरट, म्हणून तो वेगळा ठेवतात. इथे उलट आहे. अखंड मण्यांमधलं सगळं उत्तम पिळल्यावरच बाहेर येतं, म्हणून हाच भाग मोलाचा.

६. घडच्या घड कशाला? यंत्राने तोडली तर काय बिघडतं?

यंत्र वेल हलवून मणी झाडतं, देठ वेलीवरच राहतो. देठ तुटला त्या जागी मण्याला तोंड पडतं, रस वाहू लागतो, हवा आत जाते. मग मण्याच्या आत होणारं काम होणारच नाही. म्हणून प्रश्न ४ आणि ५ मधल्या पद्धतीला हातानेच तोडणी लागते. घड उथळ क्रेटमध्ये ठेवतात आणि टाकीपर्यंत शक्य तितके कमी हाताळतात. बोजोलेत वेली पुष्कळ ठिकाणी मांडवावर नसतात, ठेंगण्या झुडपासारख्या छाटलेल्या असतात. दिवसभर कमरेत वाकून तोडावं लागतं. तिथल्या वाइनच्या किमतीत या कमरेचा वाटा मोठा आहे.

७. केळ्याचा आणि बबलगमचा वास येतो. सुगंध मिसळतात का?

नाही, बाहेरून काही मिसळत नाहीत. केळ्याच्या वासामागे आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ आहे, आणि खऱ्या केळ्यातही तोच असतो. स्ट्रॉबेरी-रासबेरीसारख्या वासात इथाइल सिनॅमेटचा हात असतो. कोंडलेल्या मण्याच्या आत आणि नंतर यीस्टकडून हे तयार होतात.

केळं फारच ठळक येत असेल तर त्याला यीस्टची जातही कारणीभूत असते. '७१बी' नावाचं नार्बोनच्या संशोधनातून आलेलं यीस्ट असे वास जास्त देतं आणि नूव्होसाठी ते पुष्कळ वापरलं गेलं. काही मोठे उत्पादक द्राक्षं सुरुवातीला ६०-७० अंशांपर्यंत तापवून रंग आणि वास पटकन काढतात. त्या वाइन चवीला एकमेकींसारख्या होतात. त्या वाईट असतात असं नाही, पण टेकडी कोणती आणि माती कोणती हे त्यातून कळत नाही. मला स्वतःला केळं मागे राहिलेलं आणि चेरी, जांभळी फुलं, जराशी मिरी पुढे आलेली बोजोले आवडते.

८. नूव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीच का येते?

लिओंच्या खानावळींत नवी वाइन पिंपातूनच पिण्याची जुनी रीत होती. वाइन विकायला काढण्याची मुदत ठरलेली असे. तिच्याआधी, नोव्हेंबरातच नवी वाइन विकायची परवानगी १९५१ मध्ये मिळाली. १९६७ मध्ये १५ नोव्हेंबर ही तारीख पक्की झाली. पण १५ तारीख कधी रविवारी येई, वाहतूक आणि दुकानं बंद. म्हणून १९८५ पासून तिसरा गुरुवार ठरला, म्हणजे पुढे शनिवार-रविवार मोकळे. ही प्रथा जगभर नेण्यात जॉर्ज दुबफ या व्यापाऱ्याचा मोठा वाटा. ते २०२० मध्ये वारले. परदेशात नूव्होचा सर्वांत मोठा ग्राहक जपान आहे.

वेळेचं गणित बघा: द्राक्षं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात तोडली जातात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाटल्या भरून जहाजा-विमानांत चढलेल्या असतात. अडीच महिन्यांत वेलीपासून पेल्यापर्यंत. तुरटपणा निवायला वेळच नाही, म्हणून तो मुळातच कमी काढणारी पद्धत इथे इतकी चपखल बसते.

९. गामे द्राक्षावर बंदी आली होती हे खरं आहे का?

खरं आहे. बरगंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये हुकूम काढून गामेच्या वेली उपटायला सांगितल्या. तक्रार अशी होती, की हे वाण पीक भरमसाट देतं, लवकर पिकतं, शेतकऱ्यांना सोयीचं पडतं, पण त्यामुळे पिनो न्वार या बरगंडीच्या मानाच्या लाल द्राक्षाच्या वाइनचं नाव खराब होतं. बोजोले तेव्हा त्या ड्यूकच्या अंमलाबाहेर होतं.

पुढे जे झालं ते गामेच्या भल्याचंच ठरलं. बरगंडीतल्या चुनखडीच्या जमिनीवर ते खरोखर सुमार निघतं. उत्तर बोजोलेतल्या ग्रॅनाइटच्या हलक्या, गरीब मातीत पीक आपोआप आवरलं जातं आणि चव दाट होते. १९९९ साली जाहीर झालेल्या डीएनए तपासणीत गामेचे आईबाप पिनो आणि गुए ब्लाँ असल्याचं कळलं. शार्दोनेचे आईबापही तेच. म्हणजे हाकलून दिलेलं गामे हे मानाच्या शार्दोनेचं सख्खं भावंड, आणि ज्या पिनोसाठी हाकललं त्याचंच अपत्य.

१०. बोजोले म्हणून बाटली आणली, पण लेबलवर 'मॉर्गों' लिहिलंय. फसवलं का?

उलट चांगली बाटली मिळाली. बोजोलेत तीन पायऱ्या आहेत. साधी बोजोले, मुख्यतः दक्षिणेकडची. बोजोले-व्हिलाज, उत्तरेकडच्या ३८ गावांची. आणि सर्वांत वर दहा 'क्रू', ज्यांच्या लेबलवर गावाचं किंवा टेकडीचं नावच मोठं असतं, 'बोजोले' शब्द नसला तरी चालतो. ती नावं: सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. यातलं रेन्ये सर्वांत धाकटं, १९८८ मध्ये मान्यता मिळालेलं.

सगळ्यांचं द्राक्ष गामेच, तरी फरक जाणवतो. शिरूब्ल उंचावरचं, नाजूक. फ्लरी फुलांच्या वासाचं. मॉर्गोंमध्ये कोत द्यु पी नावाची टेकडी आहे, तिथला खडक कुजल्यासारखा भुसभुशीत होतो, आणि तिथली वाइन भरीव, काळ्या चेरीसारखी. मुलँ-आ-व्हाँ म्हणजे पवनचक्की, आणि ती तिथे खरोखरच उभी आहे. त्या मातीत मँगनीज आहे आणि दहाही क्रूंमध्ये तीच वाइन सर्वांत दणकट मानतात. क्रूंची नूव्हो करायला परवानगी नाही. नूव्हो फक्त पहिल्या दोन पायऱ्यांची असते.

११. दुकानदार म्हणाला लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यायची. मग ही थंड का करायची?

'रूम टेम्परेचर' ही सूचना युरोपातल्या जुन्या थंड घरांची आहे, १६ ते १८ अंशांच्या खोलीची. एप्रिलमधल्या नाशिकची किंवा दमट मुंबईची खोली ३० अंशांच्या वर असते. त्या उष्णतेत कोणत्याही लाल वाइनचं अल्कोहोल नाकात जातं आणि चव सैल पडते.

बोजोले १२ ते १४ अंशांवर उत्तम, भरीव क्रू १५-१६ वर. ३० अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये दीड ते दोन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घालून बाटली पंधरा-वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी लवकर थंड करतं, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडतं. पेल्यात बर्फ घालू नका. पेला थोडाच भरा आणि बाटली पुन्हा थंडीत ठेवा, आपल्या हवेत पेल्यातली वाइन दहा मिनिटांत तापते.

तुरट लाल वाइन थंड केली तर तुरटपणा आणखी बोचतो, म्हणून तिला इतकं थंड करत नाहीत. बोजोलेत तो कमी, म्हणून ही लाल वाइन आपल्या उन्हाळ्यालाही चालते.

१२. आपल्या जेवणाबरोबर जाते का?

माझ्या मते महाराष्ट्रातल्या जेवणाबरोबर जाणारी सर्वांत सोयीची लाल वाइन हीच. लिओंमध्ये ती सॉसेज, डुकराचं थंड मांस, कांदा घातलेले पदार्थ अशा साध्या खानावळीतल्या जेवणाबरोबर पितात, ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीतून. मुळातच ही रोजच्या जेवणाची वाइन आहे.

दाण्याचा कूट आणि खोबरं घातलेली भरली वांगी हा माझा पहिला सल्ला. कुटाचा तेलकटपणा वाइनच्या आम्लतेने कापला जातो आणि वांग्याच्या मसाल्यातली खमंग चव चेरीच्या चवीला धरून राहते. लोण्याचा गोळा घातलेलं थाळीपीठ, अळूवडी, फार झणझणीत नसलेलं सुकं मटण किंवा कोंबडी, सगळं चालतं. माशाबरोबर लाल वाइन धातूसारखी लागते अशी तक्रार असते, पण तळलेल्या बांगड्याबरोबर थंड बोजोले पिऊन बघा. तुरटपणा कमी असल्याने ती खटकत नाही.

दोन ठिकाणी ती हरते. तांबडा रस्सा किंवा वऱ्हाडी झणका असेल तर अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, तिथे ताकच बरं. आणि पुरणपोळीसारख्या गोडाबरोबर कोरडी वाइन आंबट लागते.

१३. किती वर्षं ठेवता येते?

नूव्हो पुढच्या उन्हाळ्याआधी संपवा. साधी बोजोले आणि व्हिलाज दोन-तीन वर्षांत. क्रू पाच ते दहा वर्षं, आणि चांगल्या वर्षाची मुलँ-आ-व्हाँ किंवा मॉर्गों त्याहून जास्त. जुनी झालेली चांगली गामे पिनोसारखी लागू लागते, आणि फ्रेंचमध्ये त्यासाठी 'पिनोते' असं क्रियापदच आहे.

पण वर्षांपेक्षा आपल्याकडे उष्णता महत्त्वाची. मुंबईतल्या एका दुकानात मी फ्लरीची बाटली घेतली होती, रस्त्याकडच्या काचेजवळच्या फळीवर उभी होती. घरी उघडली तेव्हा बूच वर सरकलेलं, मानेला चिकट ओघळ, आणि वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास. दुपारच्या उन्हाने तिची सगळी ताजेपणाची कमाई नेली होती. तेव्हापासून काचेजवळची बाटली मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी. घरी वातानुकूलित खोली नसेल तर बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्याजवळ ठेवा आणि काही महिन्यांत प्या.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

१४. उघडल्यावर जराशी फसफसली. खराब झाली का?

बहुधा नाही. फर्मेंटेशनमधला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो, आणि ताजेपणासाठी तो मुद्दामही ठेवतात. पेला फिरवा, जाईल. वास व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा येत असेल, किंवा फसफस थांबतच नसेल आणि वाइन गढूळ असेल, तर ती बिघडली आहे. तळाशी गाळ असणं हा दोष नाही.

१५. शाकाहारी आहे का?

घटक द्राक्षंच. पण वाइन स्वच्छ करायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात आणि तो गाळासोबत काढून टाकतात. अंडं किंवा दुधाचा अंश उरला असेल तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं. जिलेटिनचं लिहावं लागत नाही. बेंटोनाइट ही माती आणि वाटाण्याचं प्रथिन हे पर्यायही वापरात आहेत. ज्यांना कटाक्ष पाळायचा आहे त्यांनी 'व्हीगन' खूण किंवा 'अनफाइन्ड' (म्हणजे स्वच्छ करायला असं काही न वापरलेली) असं लिहिलेली बाटली शोधावी.

१६. सल्फाइटमुळे डोकं दुखतं म्हणून 'नॅचरल' बोजोले घ्यावी का?

डोकं दुखण्याला बहुतेक वेळा वाइनचं प्रमाण, उपाशीपोटी पिणं आणि पाणी कमी पिणं कारणीभूत असतं. सल्फाइट म्हणजे वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं (सल्फरचं) रसायन. युरोपात कोरड्या लाल वाइनला त्याची मर्यादा लिटरमागे १५० मिलिग्रॅम आहे. पिवळ्याधमक सुक्या जर्दाळूत किलोमागे याच्या कितीतरी पट असू शकतं. जर्दाळूने काही होत नसेल तर दोष सल्फाइटला देऊ नका. दमा असलेल्यांनी मात्र जपावं.

'नॅचरल' वाइनची चळवळ मात्र बोजोलेतूनच वाढली, आणि त्यासाठी ती जरूर चाखावी. ज्यूल शोव्हे (१९०७ ते १९८९) हे तिथलेच वाइन व्यापारी आणि रसायनाचे अभ्यासक. द्राक्षं निरोगी असतील आणि तळघर स्वच्छ असेल तर सल्फर जवळपास न घालता, द्राक्षावरच्याच यीस्टने वाइन करता येते हे त्यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन तपासलं. मॉर्गोंचे मार्सेल लापिएर आणि त्यांच्या मित्रांनी ते शेतात उतरवलं. अशा वाइनला उष्णता अजिबात सोसत नाही, तेव्हा प्रश्न १३ मधली काळजी इथे दुप्पट.

१७. ही पद्धत वापरलेली प्रत्येक वाइन बोजोलेच ना?

नाही. नाव प्रदेशाचं आहे, पद्धत कोणीही वापरू शकतं. स्पेनच्या रिओहात तेंप्रानियो द्राक्षाचे अखंड घड टाकीत घालून तरुण वाइन करण्याची जुनी रीत आहे. दक्षिण फ्रान्समध्ये कारिन्यान या तुरट द्राक्षाला मऊ करायला हीच पद्धत वापरतात.

१८. नाशिकच्या द्राक्षांची अशी वाइन होईल का? आमची बाग दिंडोरीला आहे.

पद्धत होईल, गामेचा आग्रह मी धरणार नाही. गामे थंड हवेतलं वाण आहे. पण तेंप्रानियो नाशिकमध्ये लागलेलं आहे आणि प्रश्न १७ मध्ये सांगितल्याप्रमाणे या पद्धतीला ते मानवतं.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: इथे तोडणी हातानेच होते, आणि घड न दुखावता क्रेटमध्ये ठेवण्याची सवय निर्यातीच्या द्राक्षांमुळे मजुरांच्या हातात मुरलेली आहे.

अडचण आम्लतेची आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी धरून आपली वाइन द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापली की आम्ल झपाट्याने घटतं. ही पद्धत मॅलिक आम्ल आणखी कमी करते (प्रश्न ४). मग वाइन बेचव, मळकट रंगाची होते आणि तिच्यात जिवाणूंचं फावतं. म्हणून साखर २० ते २१ ब्रिक्सला (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) असतानाच, हंगामाच्या सुरुवातीच्या घडांची तोडणी करावी, आणि ती पहाटे, सूर्य चढण्याआधी. दुपारी तोडलेला घड टाकीत जातानाच ऊन घेऊन जातो.

दुसरं, घड फोडत नाही म्हणजे निवडायची संधी एकदाच, टाकीत घालण्याआधी. भुरी आलेला, तडकलेला किंवा व्हिनेगरच्या वासाचा घड आत गेला तर तो शोधून काढता येत नाही. टेबलावर माणसं बसवून घड उलटून बघा, आतल्या बाजूचे मणी विशेष.

१९. मग घरी पिंपात थॉमसनची करून बघू का?

नको. परवान्याशिवाय मद्य तयार करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. थॉमसन, सोनाका ही खाण्याची हिरवी द्राक्षं आहेत. मणी मोठे, साल मिळमिळीत, आम्ल कमी, आणि लाल रंग तर सालीतच नाही.

तिसरं कारण जिवाचं आहे, आणि परवानाधारक वाइनरीत काम करणाऱ्यांनीही ते वाचावं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, दिसत नाही. टाकी रिकामी झाली, दार उघडलं, तरी तो तळाशी पाण्यासारखा भरून राहतो. उरलेला चोथा काढायला आत उतरलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला ओढायला उतरलेला दुसराही. पेटती मेणबत्ती विझते का हे बघण्याची जुनी रीत पुरेशी नाही, गॅस मोजणारं यंत्र वापरा. आधी पंख्याने खालून हवा खेळवा, बाहेर एक माणूस उभा ठेवा आणि आतल्या माणसाला पट्टा-दोर बांधल्याशिवाय टाकीत उतरवू नका.